तगरीचा वर्षावास

आषाढ लागला की कोथरूडमध्ये दोन तऱ्हेची माणसं दिसतात. छत्री विसरलेली, आणि छत्री विसरलेल्यांना उपदेश करणारी. मी तिसरीच. मला छत्रीची नाही, पांढऱ्या साडीची काळजी. पौर्णिमा जवळ आली की साडी कपाटातून काढायची, खळ घालायची आणि ती वाळेपर्यंत आभाळाला दटावत बसायचं. आज सकाळपासून तेच चाललंय. साडी पंख्याखाली खुर्चीवर पसरलीये, आमचे हे चष्मा शोधतायत आणि चष्मा त्यांच्याच कपाळावर आहे. मी सांगणार नाही. माणसाला थोडा व्यायाम हवा.

आज आमचा वर्षावास सुरू होतोय. फार पूर्वी पावसाळ्यात भिक्खू फिरायचं थांबवून एका जागी राहायचे, लोकांना धम्म सांगायचे. आम्ही संसारी माणसं आधीच एका जागी रुतलेली. आम्ही काय करतो, तर आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी घरात ग्रंथ वाचतो. पांढरे कपडे, मेणबत्ती, उदबत्ती, पांढरी फुलं. शेवटच्या दिवशी खीर.

फुलांचं नाव घेतलं आणि माझी नजर खिडकीतून खाली गेलीच. आवारात तगर नुसती लगडलीये. झाड सोसायटीच्या जमिनीत, पण सत्ता समोरच्या फ्लॅटमधल्या आपटे वहिनींची. निवृत्त शिक्षिका. त्यांनी झाडाला पाटी अडकवलीये, 'फुले तोडू नयेत. तोडायचीच असल्यास आधी स्वतः झाड लावून ते मोठे होईपर्यंत थांबावे.' ह्या पाटीला चेअरमनसुद्धा वचकून असतात. आणि त्या झाडाची फुलं तीसेक वर्षं न मागता माझ्या दाराच्या कडीला आली.

ती कशी आली, ते सांगण्याआधी मला पर्वतीच्या पायथ्याशी जायला हवं. माझं माहेर तिथल्या वस्तीतलं. आमचा विहार म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, पण ध्वनिक्षेपक असा की सिंहगड रस्त्यावरच्या म्हशी कान टवकारायच्या. वर्षावासात संध्याकाळी सतरंज्या पडायच्या. कामावरून आलेल्या बायका हातपाय धुऊन, पांढरी लुगडी नेसून ओळीनं बसायच्या. आईला अक्षर येत नव्हतं, पण ऐकून ऐकून इतकं पाठ झालेलं, की वाचणाऱ्यानं ओळ गाळली तर ती मागून म्हणायची, "रं बाबा, घाई हाय का तुला?" पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की वाचणारा आवाज चढवायचा, मग पाऊस आणखी चढायचा. जिंकायचा वाचणाराच, कारण त्याच्याकडे माइक होता. लपवायचं काही नव्हतंच मुळी. सगळ्या वस्तीला ऐकू जायचं आणि सगळी वस्ती आमचीच होती.

मग लग्न झालं, मला पाटबंधारे खात्यात नोकरी लागली, हे पोस्टात होते, कर्ज काढून आम्ही कोथरूडला आलो. सासऱ्यांनी मुलांना शाळेत घालताना गावावरून आडनाव लावलं होतं, वडगावकर. ह्या आडनावावरून पुण्यात कुणाला काही कळत नाही, आणि न कळणं म्हणजे काय हे पुण्यात राहिलेल्यालाच कळेल. "वडगावकर म्हणजे तुम्ही कुठले?" "सासवडकडचे." "हो, पण म्हणजे मूळचे?" "मूळचे पण सासवडकडचेच." समोरचा हसायचा, मी हसायचे, आणि विषय बदलायचे. खोटं मी कधी बोलले नाही. पण ह्यांचं एक ब्रीद होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. हॉलच्या भिंतीवर धबधब्याचं चित्र. आमच्या दोन तसबिरी, एक मिटल्या डोळ्यांची आणि एक निळ्या कोटातली, आतल्या खोलीत. रविवारी मटण खायचं ते वारज्याला नणंदेकडे. सोसायटीच्या गणपतीला वर्गणी सगळ्यांच्या आधी, पण आरती सुरू झाली की मला नेमका घरचा कुकर आठवायचा.

आणि वर्षावास? तोही झाला. पण दार लावून. हे वाचायचे ते इतक्या हळू, की शेजारी बसलेल्या मला पुढं वाकावं लागायचं. ध्वनिक्षेपकाखाली वाढलेली मी, माझ्याच घरात माझाच ग्रंथ कान देऊन ऐकत होते. त्याचं तेव्हा काही वाटायचं नाही, असं म्हणणार होते. पण वाटायचं. खूप वाटायचं.

अशाच एका संध्याकाळी आपटे वहिनी विरजण मागायला आल्या. मी दार अर्धंच उघडलं. पण शिक्षिकेची नजर ती, अर्ध्या दारातून पूर्ण वर्ग बघते. त्यांना दिसला चौरंग, त्यावर पांढरं कापड, ग्रंथ, उदबत्ती.

"पोथी वाटतं?" त्या म्हणाल्या. "वा. चातुर्मास करता होय तुम्ही?"

"हो," मी म्हणाले, "आषाढी पौर्णिमेपासून."

"आमची एकादशीपासून. चालायचंच, ज्याची त्याची रीत."

त्यांच्या चातुर्मासाचे आणि आमच्या वर्षावासाचे महिने जवळपास एकच, आता त्याला मी काय करू? दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात तगर. देठं खुडून, पाणी शिंपडून. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून मी त्यात शेंगदाण्याची चटणी घातली. वरवंट्याखालची, लसूण सढळ हातानं. त्यावर निरोप आला, "चटणी उत्तम. पण चातुर्मासात तुमच्याकडे लसूण चालतो?" मी कळवलं, "आमच्याकडे लसणावर कुणाचाच राग नाही." मग दर वर्षी हे सुरूच राहिलं. फुलं इकडे, चटणी तिकडे. माझ्या ऑपरेशनच्या वेळी ह्यांना जेवण त्यांच्याकडून, त्यांचे यजमान गेले तेव्हा पहिला चहा माझ्याकडून. त्या मला आडनावानं हाक मारतात, 'अहो वडगावकर', जशी काही मी सातवीच्या वर्गातली. मला ते आवडतं. पण डबा हातात घेताना दर वेळी मनात यायचं, ही फुलं 'पोथी'ला आलीत. ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी?

आमची लेक सुजाता इंग्लंडमध्ये असते, इस्पितळात फिजिओथेरपी करते. तिच्या गावी म्हणे पावसाळा असा वेगळा नसतोच, बारा महिने पिरपिर. तिथल्या वाचनालयात देशोदेशींहून आलेल्या बायकांचा एक उपक्रम चालतो. प्रत्येकीनं आपलं सोडून आलेलं घर एका चौकोनी कापडावर शिवायचं, आणि सगळे चौकोन जोडून भिंतीवर लावायचे. कुणी सोमालियाची, कुणी पोलंडची, कुणी पंजाबची. सुजातानं आपला चौकोन फोनवर दाखवला. कोथरूडचा आमचा हॉल! तोच सोफा, तीच खिडकी. आणि भिंतीवर त्या दोन तसबिरी.

"अगं, हॉलमध्ये कुठं होत्या?" मी म्हटलं.

"नव्हत्या ना," ती म्हणाली. "म्हणून मी लावल्या."

 मी नेटवर्क गेल्याचं निमित्त केलं आणि फोन ठेवला.

गेल्या वर्षी श्रावणात ती आली, आणि बाई स्वस्थ बसते का? तिनं सोसायटीत तोच घाट घातला. 'आपलं घर कुठून आलं?' घरातल्या जुन्या कपड्याचा एक चौकोन, साधा धावदोरा, सगळ्यांची मिळून एक गोधडी, ती गणपतीत खालच्या हॉलमध्ये लावायची. मला वाटलं कुणी येणार नाही. तर दुपारी हॉल भरायला लागला. तेव्हा ध्यानात आलं, मी सोडले तर ह्या अख्ख्या इमारतीत पुण्याचं असं कुणी नाहीच! पहिल्या मजल्यावरची नायर सोनेरी काठाचं कापड घेऊन आली, तिनं लांबलचक होडी शिवली. चेअरमनबाई वऱ्हाडच्या, त्यांनी कापसाची बोंडं. आणि आपटे वहिनी, ज्यांना आम्ही सगळे सदाशिव पेठेच्या मातीतून उगवल्या समजत होतो, त्या निघाल्या इंदूरच्या. आईच्या महेश्वरी साडीचा तुकडा, त्यावर पोह्याची बशी आणि जिलबी.

"लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई चार माणसांत म्हणायच्या, ही आमची हिंदी सून," सुई ओवता ओवता त्या म्हणाल्या. "सकाळी पोह्यांवर शेव मागितली तर सगळं घर हसलं. मग मी शेव सोडली. बोलण्याची धाटणी सोडली. आता इंदूरला गेले तर भाऊ म्हणतो, ताई, तू अगदी पुणेकर झालीस. त्याला वाटतं कौतुक करतोय."

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्यांच्याबद्दल वाईट वाटलं आणि थोडा हेवाही. त्यांचं हसण्यावारी तरी गेलं. आमचं गेलं असतं का?

मी शिवत होते लिंबाचं झाड आणि विहीर. गावाचं चित्र, निरुपद्रवी. कुणाच्याही गावात असतं. संध्याकाळी सुजातानं ते हातात घेतलं.

"आई, ही कुठली विहीर? आजीला जिथं पाणी भरू द्यायचे नाहीत, ती?"

ती रागानं नाही बोलली. नुसतं विचारलं. सासूबाई त्या विहिरीच्या कठड्यापासून लांब, घागर घेऊन उभ्या राहायच्या, कुणीतरी वरून ओतेल म्हणून. हे त्यांनी मला पोळ्या लाटता लाटता सांगितलेलं. आणि मी ती विहीर सोसायटीच्या शोभेसाठी शिवत होते! कात्री घेतली आणि टाका टाका उसवला.

मग पेटीतून आईचं पांढरं लुगडं काढलं. त्याच्या बायका केल्या, ओळीनं बसलेल्या, नाक-डोळे नसलेल्या. वर पत्र्याचं छप्पर, कोपऱ्यात कर्णा, आभाळाला निळा दोरा. एका बाईचं डोकं जरा मागं वळलेलं, वाचणाऱ्याला टोकणारं. ती आमची आई. खाली मी निळ्या दोऱ्यानं अक्षरं घातली, वर्षावास. म्हणजे कुणाला पोथी वाटायला नको. हे बघत होते. म्हणाले, "झाकली मूठ?" मी म्हटलं, "मूठ आखडली आता. दुखते." त्यावर त्यांनी सुईत दोरा ओवून दिला. त्यांना चष्म्याशिवाय ओवता येत नाही, तरी दिला.

गोधडी लागली त्या संध्याकाळी प्रत्येकीनं आपल्या चौकोनाबद्दल दोन वाक्यं बोलायची होती. माझी पाळी आली. उठून उभी राहिले. म्हणाले, "हा आमच्या वस्तीतला विहार. वर्षावासात इथं बायका ग्रंथ ऐकायच्या. आम्ही बौद्ध. घरी अजून वाचतो, रोज." एवढंच.  मग चेअरमन म्हणाले, "अरे वा, छान छान! आम्ही असलं काही मानत नाही हो." असलं काही म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. नायर टाळ्या वाजवत होती, तिला बिचारीला कळलंच नव्हतं की इथं काही झालंय. आपटे वहिनी उठल्या, चष्मा लावून गोधडीपाशी गेल्या, माझ्या चौकोनापुढं बराच वेळ उभ्या राहिल्या. आणि माझ्याकडे न बघता घरी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी कडीला पिशवी नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. खाली तगर फुलून जमिनीवर सडा पडलेला. मी चौकातून निशिगंध आणला. ह्यांना म्हटलं, "फुलांचं काय एवढं, बाजारात ढीगभर मिळतात." हे म्हणाले, "मिळतात ना. मग तू रडतेस कशाला?" सुजाता गोधडीचे उरलेले दोरे गुंडाळत बसलेली. मी तिला म्हटलं, तुझा काही दोष नाही. आणि मनात म्हटलं, तीस वर्षांची चटणी, एका निळ्या दोऱ्यानं गेली. राग आला मला. त्यांचा आला, चेअरमनांचा आला, आणि सर्वांत जास्त ह्याचा आला, की आपल्या घरात सुखानं श्वास घ्यायला मला शेजारणीची फुलं लागतात. का लागावीत? पण लागत होती. खोटं कशाला सांगू?

त्या संध्याकाळी आम्ही वाचायला बसलो आणि बेल वाजली. दारात आपटे वहिनी. हातात डबा. चेहरा पेपर तपासताना असतो तसा.

"अहो वडगावकर, मी रागावलेय तुमच्यावर."

 मी दाराची कडी धरून उभी.

"इतकी वर्षं माझी फुलं आत जातात आणि मी बाहेर. एकदा तरी म्हणालात, वहिनी, बसा ऐकायला?"

मला काय सुचलं कोण जाणे. मी विचारलं, "तुम्हाला चाललं असतं?"

त्या लगेच 'हो' म्हणाल्या असत्या तर मी चहा दिला असता, गोड बोलले असते आणि मनातून दार लावून घेतलं असतं. पण त्यांनी खाली डब्याकडे बघितलं. डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"ठाऊक नाही," शेवटी म्हणाल्या. "तेव्हा कदाचित नसतं चाललं. खरं तेच सांगते. दोन दिवस तेच घोळवत होते स्वतःशी. फुलं रोज तोडली, आणि घरीच राहिली. पोथीला म्हणून द्यायची सवय. आता काय म्हणून द्यायची, कळेना."

"बुद्धाला म्हणून द्या."

"पांढरी चालतात?"

"पांढरीच लागतात," मी म्हटलं आणि माझा आवाज फुटला. त्यांनी डबा माझ्या हातात कोंबला, जणू रडणाऱ्या मुलीला खडू. मग मी दार उघडलं. पूर्ण.

सतरंजीवर बसणं त्यांच्या गुडघ्यांना झेपेना, म्हणून सुजातानं खुर्ची आणली. वहिनींनी सगळीकडे नजर फिरवली. धबधब्यावर थोडी जास्त वेळ. "हे चित्र तुमच्याकडे कधीपासून आहे? भयंकर आहे," त्या म्हणाल्या. आमचे हे घाबरून बसलेले. त्यांनी खूण घातलेलं पान उघडलं.

"मधूनच?" वहिनी म्हणाल्या. "मी मधून ऐकत नसते. पहिल्यापासून घ्या."

"अहो वहिनी, आश्विनी पौर्णिमेला समाप्ती करायचीये," हे कसेबसे म्हणाले.

"मग रोज दोन पानं जास्त वाचा. निवृत्त आहात, कुठं जायचंय तुम्हाला?"

ह्यांनी पहिलं पान काढलं. वाचायला लागले. तीस वर्षांच्या सवयीनं, अगदी हळू, ओठांतल्या ओठांत. मी पुढं वाकले. वहिनीही वाकल्या. कानामागं तळहात धरला. दोन ओळी, तीन ओळी. आणि मग त्यांचा तो सातवीच्या वर्गाचा आवाज आला.

"अहो वडगावकर साहेब, मोठ्यानं वाचा की! बाहेर होते तेव्हा ऐकू येत नव्हतं. आत येऊनही ऐकू येणार नसेल, तर काय उपयोग?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. दार उघडंच होतं, जिन्यावरून कुणीतरी वर येत होतं. ह्यांनी घसा खाकरला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं. पोस्टातला माणूस, काउंटरच्या पलीकडे गर्दीला पुकारा करायचा आवाज होता त्यांच्याकडे, मी विसरलेच होते. तो आवाज खोलीत मावेना. जिन्यात गेला, खाली आवारात गेला.  मी इतकी वर्षं पुढं वाकून ऐकत होते. त्या दिवशी भिंतीला पाठ टेकून ऐकलं.

सगळं गोड झालं असं मुळीच नाही. चेअरमनबाई पुढच्या संक्रांतीचं हळदीकुंकू मला सांगायचं विसरल्या. अगोदर त्या विसरतील की काय ह्याची धास्ती असायची. आता विसरल्या, आणि मी दुपारी छान झोपले. आश्विनी पौर्णिमेला वहिनींचा डबा मी खिरीनं भरून दिला, त्यांच्याकडचं मसाला दूध आमच्याकडे आलं. सुजाता तेव्हा परत गेलेली, तिनं फोनवरून दोन्हींचा वास घेतल्याचा दावा केला. जाण्याआधी तिनं धबधबा उतरवला होता. दोन तसबिरी आता हॉलमध्ये आहेत. गोधडी अजून खाली लटकतेय, पोह्याची बशी आणि आमची आई शेजारी शेजारी.

साडी वाळली. ह्यांना चष्मा सापडला, बायको हसत होती म्हणून. चौरंग मांडून झालाय. बेल वाजायची मी वाट बघत नाहीये, कारण दार उघडंच आहे, आणि वहिनींची खुर्ची दुपारीच येऊन पडलीये, त्यांच्या घरची, उशीसकट. खाली आवारातून त्यांचा आवाज येतोय.

"वडगावकर, सुरू करू नका हो! तगर तोडतेय मी. आणि पहिल्यापासून, बरं का!"

"पहिलाच दिवस आहे, वहिनी," हे इथून ओरडतात, साऱ्या जिन्याला ऐकू जाईल असं.